"लिहिते तं तो, मी चौकट आखतो": गणिताच्या गटकामात सगळ्यांची पाटी कशी चालेल?

काळी माती (धागाकर्ती)
१२ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तिसरीत ११, चौथीत १२, एकाच खोलीत जोडवर्ग. गेली तीन वर्षं मी गणिताला गट पाडते. सतरंजीवर गोल करून बसवायचं, मध्ये साहित्य ठेवायचं, फळ्यावर उदाहरण लिहायचं. बाहेरून येणाऱ्याला असा वर्ग फार छान दिसतो. मलाही छानच वाटत होतं.

जुलैच्या शेवटी काय झालं ते सांगते. हातच्याची वजाबाकी चालू होती, ५२ वजा २७. चौथीच्या एका गटाने झटक्यात २५ लिहून पाटी वर केली. शाबासकी दिली. त्याच गटातली एक मुलगी माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून सहज तिच्या पाटीवर ८४ वजा ५७ लिहून दिलं. तिने ३३ लिहिलं. सातातून चार गेले तीन, आठातून पाच गेले तीन. जिथे मोठा आकडा दिसला तिथून लहान काढला. म्हटलं, अगं, आत्ता तर तुमच्या गटाने बरोबर केलं होतं! तर ती अगदी सरळपणे म्हणाली, "मॅडम, लिहिते तं तो. मी चौकट आखतो."

उदाहरणाभोवती पट्टीने चौकट आखायचं काम तिच्याकडे होतं. गटाने तिला दिलेलं, आणि ती ते मन लावून करत होती. तीन वर्षांत मी अशी किती मुलं चौकटी आखायला बसवली असतील, याचा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे चिंचोके. गटात चार मुलं, प्रत्येकाला १ ते ४ क्रमांक. डबीत चार चिंचोके, त्यांवर ऑइलपेंटचे एक, दोन, तीन, चार ठिपके. गटाने उदाहरण सोडवायचं, चर्चा करायची, पण शेवटी चिंचोका काढायचा आणि ज्याचा क्रमांक निघेल त्याने उठून करून दाखवायचं. त्याला आलं तर गटाला आलं. कोणाचा निघेल हे मलाही माहीत नसतं. पहिल्या दिवशी दोन गट रडकुंडीला आले. तिसऱ्या दिवशी मात्र चिंचोका काढायच्या आधी मुलं एकमेकांना विचारू लागली, "तुले येते ना? करून दाखव बरं."

दुसरी गोष्ट साहित्याची. आमच्याकडे तुराटी भरपूर. बोटभर लांबीच्या काड्या कापून दहा-दहाचे गठ्ठे बांधलेत. आधी सगळा ढीग गटाच्या मध्ये ठेवत असे आणि एकच मुलगा तो हाताळत असे. आता ढीग वाटून टाकला. एकाकडे फक्त गठ्ठे, एकाकडे फक्त सुट्या काड्या, तिसऱ्याकडे पाटी, आणि चौथा "गिऱ्हाईक", जो काड्या मागतो. दर उदाहरणाला कामं फिरतात.

आता ८४ वजा ५७ काय होतं बघा. गिऱ्हाईक म्हणतं, सात सुट्या दे. सुटेवाल्याकडे चारच. तो गठ्ठेवाल्याकडे वळतो, "एक गठ्ठा दे." आमच्या गठ्ठेवाल्याने पहिल्यांदा साफ नकार दिला. "मंग माह्ये सातच राह्यतीन!" मी लांबून ऐकत होते. हातच्याच्या वेळी वरच्या आठावर काट मारून सात लिहा, हे मी त्या पोरांना शंभरदा सांगितलं असेल. तो सात कुठून येतो हे त्या मुलाला त्या क्षणी कळलं, कारण ते सात त्याचे होते आणि आठवा त्याच्या हातातून गेला होता. मग रबर काढला, दहा काड्या मोजून घेतल्या, चारच्या चौदा झाल्या, सात दिल्या, सात उरल्या. गठ्ठे पाच दिले, दोन उरले. सत्तावीस.

आता माझे प्रश्न. ज्यांना लवकर येतं त्यांचं काय करायचं? जोडवर्गात एका इयत्तेचे गट चालू असताना दुसरीला काय द्यायचं? आणि हे सगळं आठवड्यात किती वेळा जमवायचं? तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही लिहा, ते जास्त हवे आहेत.

---

संत्रा मृग बहार
१२ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, चौकटीचं वाचून पोटात कालवलं. माझ्या वर्गात अशी एक "खोडरबरवाली" आहे. उद्या तिच्यापासूनच सुरुवात करतो.

---

निवृत्त गुरुजी, वर्धा
१३ ऑगस्ट, सकाळी ६:२०

ताई, तुम्ही न वाचता जिथे पोचलात तिथे पोचायला अभ्यासकांना बराच काळ लागला. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गटात बसणं वेगळं आणि गटात शिकणं वेगळं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी सहकारी अध्ययनाची पाच अंगं सांगितली. एकमेकांवाचून काम अडलं पाहिजे, प्रत्येकाला स्वतःचं उत्तर द्यावं लागलं पाहिजे, समोरासमोर एकमेकांना मदत झाली पाहिजे, बोलण्या-ऐकण्याच्या रीती शिकवल्या पाहिजेत आणि काम झाल्यावर गटाने आपलं कसं झालं ते बोललं पाहिजे. तुमची काड्यांची वाटणी म्हणजे पहिलं अंग, चिंचोका म्हणजे दुसरं. क्रमांक देऊन कोणालाही उठवण्याची ती पद्धत स्पेन्सर केगन यांच्या मांडणीमुळे जगभर पोचली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लाविन यांनी तर आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला. ते २०२१ साली गेले. त्यांचं म्हणणं असं, की गटाला मिळून गाठायचं काही ध्येय हवं आणि त्या ध्येयात प्रत्येकाची स्वतःची शिकलेली भर हवी. दोन्हींपैकी एक काढलं की गटकामाचा फायदा उरत नाही. सगळ्यांची मिळून एकच वही तपासली की एकजण लिहितो आणि बाकीचे चौकट आखतात.

त्यांच्या पद्धतीत शिक्षक आधी सगळ्यांना शिकवतो, मग चार-पाच जणांचा मिश्र गट एकत्र सराव करतो, पण चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची. गटाचे गुण कसे, तर ज्याच्या त्याच्या आधीच्या सरासरीशी तुलना करून. शंभरपैकी सरासरीपेक्षा दहाहून जास्त खाली घसरला तर ५, दहापर्यंत खाली असेल तर १०, सरासरीइतके किंवा दहापर्यंत वर गेला तर २०, दहाच्या वर गेला किंवा पूर्ण गुण मिळाले तर ३०. म्हणजे ४० सरासरीच्या मुलाने ५५ आणले तर तो गटाला ३० देतो, आणि ९० सरासरीच्या मुलाने ८८ आणले तर १०. कच्चं मूल गटावरचं ओझं राहत नाही. त्याच्याकडून मिळण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात.

आमच्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिथून नई तालीम उभी राहिली. तकलीवर सूत काढायचं आणि त्यातूनच मोजणी, लांबी, हिशेब शिकायचा. मला त्यातली एक गोष्ट नेहमी मोलाची वाटते. कापड सगळ्यांचं एक होतं, पण सूत ज्याचं त्याचं मोजावं लागतं.

---

पऱ्हाटी
१३ ऑगस्ट, दुपारी १:०५

रामराम मॅडम. मी मास्तर नाही, कास्तकार हाओ. चार एकर कोरडवाहू. पोरगं जिल्हा परिषदेच्याच शाळेत चौथीत हाय, म्हणून हे सारं वाचलं. एक इचारतो, राग नका मानू. माह्या पोराले गणित चांगलं येते. त्याचे मास्तर म्हणते, तुयं झालं ना, आता बाजूच्याले सांग. पोरगं घरी येऊन म्हणते, बाबा, मी सांगतच राह्यतो, माह्यं पुढचं काहीच होत नाही. मंग ज्याले येते त्यानं सारा टाइम दुसऱ्यायलेच शिकवाचं काय? शिकवणीले धाडाले आमच्याजवळ पैसा नाही. शाळा हेच त्याची शिकवणी.

आन दुसरं. दिवाळीपासून कापूस येचाले घरातले सारे वावरात. लहान लेकरू सांभाळाले मोठी बहीण घरी राह्यते, तिची शाळा बुडते. गटातलं एक लेकरू आठ-आठ दिवस येतच नाही, त थो गट कसा चालन?

---

काळी माती
१३ ऑगस्ट, रात्री ८:५०

भाऊ, राग कशाचा? हेच विचारायला धागा काढला. पालकांनी असं रोखठोक विचारलं तर आमचं बरंच काम सोपं होईल.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझ्या वर्गातलीच गोष्ट सांगते. आमच्यात जो "लिहिते तो" आहे, त्याला तीन अंकी वजाबाकीही घडाघडा येते. त्याला विचारलं, वरच्या आठाचे सात का केले? म्हणाला, "हातचा घेतला म्हणून." हातचा म्हणजे किती? म्हणाला, "एक." मी एक काडी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, हा घे एक, आता चारमध्ये मिळव. पाच झाले. तो गोंधळला. चौदा कुठून आले हे त्याला सांगता येईना. रीत पाठ होती, पण तो हातचा एक नसून एक दहा आहे हे त्याच्या हातात कधी आलंच नव्हतं. शेजारणीला समजावताना तो तीनदा अडला, आणि तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाला, "अरे हो, हा गठ्ठा हाय!"

पण तुमची तक्रारही खरी आहे. "तुझं झालं ना, आता त्याला सांग" हे रोजचं झालं तर ती मुलाची वेठ आहे. पुढचं अवघड उदाहरण त्याला मिळायलाच हवं. ते कसं द्यावं हे मला अजून नीट जमलेलं नाही.

---

निवृत्त गुरुजी, वर्धा
१३ ऑगस्ट, रात्री ९:३०

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या प्रश्नावर बरंच काम झालं आहे. नोरीन वेब नावाच्या अभ्यासक बाईंनी गटात गणित करणाऱ्या मुलांचं बोलणं बारकाईने तपासलं. जो मुलगा कारणासकट, पायरीपायरीने समजावून सांगतो त्याचा फायदा होतो. नुसतं उत्तर सांगणाऱ्याचा काही होत नाही. आणि ज्याने मदत मागितली त्याला नुसतं उत्तर मिळालं तर त्याचं नुकसानच होतं.

म्हणून मी वर्गात एक नियम पाळत असे. उत्तर सांगायचं नाही, पेन्सिल हिसकायची नाही, फक्त विचारायचं. "मग तू आता काय करशील?" एवढं वाक्य सगळ्यांना पाठ. यात दोन-तीन मिनिटं जातात, अर्धा तास जात नाही.

---

मेळघाट डायरी
१४ ऑगस्ट, रात्री ११:१०

मी धारणीकडे आहे, पहिली-दुसरी. मुलांची घरची भाषा कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळे माझ्याकडे गणित अडण्याआधी भाषा अडते.

मराठीतली संख्यानावं लहान मुलाला किती कठीण असतात हे मराठी घरातल्या माणसाला सहसा जाणवत नाही. लिहिताना आधी सात मग तीन, म्हणताना "त्र्याहत्तर", म्हणजे आधी तीन. आणि "एकोणसाठ" ऐकलं की मूल साठ लिहायला घेतं, पण लिहायचा असतो पाच आणि नऊ. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची रीतही दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, समजायला सोपी वाटही दिली आहे. माझ्या वर्गात ती वाट रोज उपयोगी पडते. सत्तर तीन म्हटलं की सात गठ्ठे तीन सुट्या लगेच मांडल्या जातात, आणि मग "यालाच त्र्याहत्तर म्हणतात".

माझ्याकडे चौघांचा गट चालला नाही. सहा-सात वर्षांची मुलं, चौघांत दोघं खेळायला लागतात. म्हणून जोड्या. प्रश्न विचारला की आधी एक मिनिट सगळे गप्प, प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. मग शेजाऱ्याशी बोलायचं, कोरकूत. मग वर्गाला सांगायचं, जमेल तितक्या मराठीत. ही तीन पायऱ्यांची पद्धत फ्रँक लायमन या शिक्षकाने १९८१ मध्ये मांडली. त्यातलं ते गप्प मिनिट कधीच गाळू नका. माझी जी मुलं मराठीत कधी तोंड उघडत नव्हती ती आता बोलतात, कारण बोलायच्या आधी त्यांनी ते एकदा आपल्या भाषेत जोडीदाराला सांगून पाहिलेलं असतं.

---

झाडीपट्टी
१५ ऑगस्ट, दुपारी ३:४५

झेंडावंदन आटोपून लिहितोय. तुम्ही फसलेले अनुभव मागितले म्हणून माझा.

तज्ज्ञ गटांची पद्धत, जिला जिगसॉ म्हणतात, ती मी गोंदियाकडच्या माझ्या शाळेत पाचवीला भागाकारासाठी वापरली. प्रत्येक गटातून एकेक मूल बाहेर काढायचं, त्यांना विषयाचा एकेक तुकडा पक्का शिकवायचा, मग त्यांनी आपापल्या गटात परत जाऊन तो शिकवायचा. मी भाग लावणे, गुणणे, वजा करणे, पुढचा अंक खाली घेणे असे चार तुकडे केले. पार वाट लागली. पहिल्याचं चुकलं की पुढच्या तिघांचं आपोआप चुकत होतं आणि कोणालाच अख्खा भागाकार कळला नाही. गणितात एकीवर दुसरी उभी असलेली पायरी अशी तोडून वाटता येत नाही, हे मी पुढचे आठ दिवस तो भागाकार पुन्हा शिकवताना समजलो.

तीच पद्धत मापनाला मात्र सुंदर चालली. लांबी, वजन, धारकता, वेळ, चारही आपापल्या पायावर उभे. वजनाच्या तज्ज्ञांना मी शालेय पोषण आहाराचा हिशेब दिला. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. त्या दिवशी हजर २७. एका गटाने छातीठोकपणे २७ किलो तांदूळ सांगितला. मी काही बोललो नाही, त्यांना चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात पाठवलं. मावशींनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "येवढ्यात त गावजेवण होते बाबा, माह्या गंजात मावन का?" पोरं परत आली, १०० ग्रॅमचं वजनमाप पारड्यात टाकून दहा वेळा तांदूळ मोजला आणि एक किलो झालेला पाहिला. मग २ किलो ७०० ग्रॅम. डाळीचे ५४० ग्रॅम त्यांनी विचारायच्या आधीच काढले. आता रोज एक गट हजेरी मोजून मावशींना चिठ्ठी देतो, आणि दुसरा गट ती आधी तपासतो.

---

पैलतीर
१५ ऑगस्ट, रात्री १०:००

जिगसॉचं नाव आलं म्हणून लिहिते. ही पद्धत एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. तोवर वेगवेगळ्या शाळांत शिकलेली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली होती आणि वर्गावर्गांत भांडणं चालली होती. एकमेकांशिवाय धडा पुराच होणार नाही असं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी धड्याचे तुकडे केले. मुळात ती सगळ्यांना एकत्र बसवण्याची युक्ती आहे.

माझं शालेय शिक्षण विदर्भातल्याच एका खेड्यात झालं. तिसरीत एका बाईंनी गट पाडले आणि म्हणाल्या, आपापल्या वस्तीचे आपापले बसा. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, घरी जाऊनही अभ्यास करता यावा असा विचार असेल. पण आमच्या वस्तीचा गट दाराशी बसला आणि वर्षभर तिथेच राहिला. गणिताची मण्यांची माळ एकच होती. ती पुढच्या गटांतून फिरत फिरत आमच्यापर्यंत यायची तेव्हा तास संपलेला असायचा. शंभरची ती माळ मी पहिल्यांदा हातात धरली ती डी.एड.ला गेल्यावर.

म्हणून माझी कळकळीची विनंती. गट मुलांनी पाडू नयेत, वस्तीने तर मुळीच पडू नयेत. शिक्षकाने पाडावेत, मिसळून पाडावेत, आणि पाच-सहा आठवड्यांनी बदलावेत. एखादे पालक येऊन म्हणतील की आमच्या मुलीला त्याच्याशेजारी बसवू नका. आमच्याकडे आले होते. आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना चहा दिला, अर्धा तास ऐकून घेतलं आणि गट बदलला नाही. आणि मुलींकडे लिहायचं आणि मुलांकडे साहित्य, अशी वाटणी नकळत होते, तिच्याकडेही लक्ष ठेवा. काळी माती ताईंची कामं फिरवायची रीत त्यावर फार चांगली आहे.

---

संत्रा मृग बहार
१५ ऑगस्ट, रात्री १०:३०

पैलतीर ताई, माझे गट वस्तीनेच पडलेत. उद्या रविवार आहे, बसून नव्याने याद्या करतो.

---

नवा गुरुजी
१७ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

सगळं पटतं, पण माझी अडचण ऐका. रुजू होऊन दुसरं वर्ष. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते. मग सणवार, ऑनलाइन माहिती भरणं, केंद्राच्या शिक्षण परिषदा. सोबतचे सर बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. पुस्तक पूर्ण व्हायला हवं, निपुण या सरकारी अभियानाच्या चाचण्या आहेत, तिसरीच्या अखेरीपर्यंत पायाभूत अंकज्ञान झालंच पाहिजे. गट पाडला की आवाज होतो, आणि मागे एका वरिष्ठांनी "वर्ग आहे की बाजार" म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून मी ओळीत बसवतो. वेळ कुठून आणता?

---

काळी माती
१७ ऑगस्ट, रात्री ९:१०

सर, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. वाईट वाटलं वाचून.

मी रोज गट करत नाही. आठवड्यात दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. नवीन भाग मी स्वतःच शिकवते, ते काम मुलांवर सोडत नाही. गट फक्त सरावाला आणि शाब्दिक उदाहरणांना. जोडवर्गात तर गटाने माझा वेळ वाचतो. तिसरी गटात सरावाला बसली की तेवढा वेळ मी चौथीला देते, मग उलट. आणि ज्या चाचण्यांची आपल्याला काळजी असते त्या मुलाला एकट्यालाच द्यायच्या असतात. असर या शैक्षणिक सर्वेक्षणाचे कार्यकर्तेसुद्धा घरी येऊन एकेका मुलासमोर वजाबाकी-भागाकार ठेवतात. तिथे गटातला "लिहिते तो" सोबत नसतो.

आवाजासाठी आमच्याकडे "फूटभर आवाज" असं नाव आहे. आपला आवाज पट्टीच्या लांबीपलीकडे जायला नको. महिनाभर सवय लावावी लागली. तरी आवाज होतोच, पण कान देऊन ऐकला तर तो "का?" आणि "कसं काय?"चा असतो. पुढच्या वेळी वरिष्ठ आले तर त्यांना एका गटात खाली बसवा आणि चिंचोका त्यांच्या हातून काढून घ्या. आमच्याकडे केंद्रप्रमुख सरांना बसवलं, तास संपेपर्यंत उठले नाहीत.

---

काळी माती
५ डिसेंबर, रात्री १०:२०

बऱ्याच दिवसांनी धागा वर आणते आहे. काही जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून पुढचं.

गुरुजींनी सांगितलेली गुणांची पद्धत वापरली, पण मला ती सोपी करावी लागली. दर शनिवारी दहा उदाहरणं, प्रत्येकाने एकट्याने. मागच्या शनिवारपेक्षा कमी आली तर शून्य, तेवढीच आली तर एक तारा, जास्त आली तर दोन, दहाच्या दहा आली तर तीन. तारे गटाच्या नावाने भिंतीवर. दोन महिन्यांत एक वाईट गोष्ट दिसली. एका गटात एक मुलगा सलग दोनदा घसरला आणि बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले. मी त्याच दिवशी भिंतीवरचा तक्ता उतरवला. आता तारे गटाच्या वहीत असतात, दुसऱ्या गटाला दिसत नाहीत. दर आठवड्याला गटाने एक ओळ लिहायची, या आठवड्यात कोणी कोणाला कशात मदत केली. तुलना थांबली, काम थांबलं नाही.

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर. लवकर येणाऱ्यांसाठी "उलटं उदाहरण" सुरू केलंय. उत्तर २७ आलं पाहिजे आणि हातचा घ्यावा लागला पाहिजे, अशी जमतील तितकी उदाहरणं तयार करा. तुमच्यासारखाच एका शेतकऱ्याचा मुलगा माझ्याकडे आहे, त्याने दोन पानं भरली आणि वर हेही शोधलं, की उत्तर २७ हवं असेल तर खालच्या संख्येच्या एककात ३ किंवा त्याहून मोठा अंक लागतो. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. आणि वेचणीच्या दिवसांसाठी गटाचं पाकीट. जो आला नाही त्याच्या नावाने त्या दिवशीचं एक सोडवलेलं आणि दोन न सोडवलेली उदाहरणं गटातला एकजण लिहून ठेवतो, घराजवळचं मूल नेऊन देतं. सगळी पाकिटं सोडवून परत येत नाहीत. नोव्हेंबरात एक मुलगी अकरा दिवस आली नव्हती. आली तेव्हा तिच्या दप्तरात सगळी पाकिटं होती, निम्म्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं, पण गट तिला धरून कोपऱ्यात बसला तो मधली सुट्टी संपली तरी उठला नाही.

आणि ती चौकट आखणारी. या आठवड्यात चौथीला ४०३ वजा १५८ दिलं. मधलं शून्य भल्याभल्यांना अडवतं. गटात एकाकडे शेकडे, एकाकडे दशकाचे गठ्ठे, एकाकडे सुट्या काड्या, एकाकडे पाटी. दशक तिच्याकडे आले, म्हणजे तिचे हात रिकामे. सुटेवाल्याने तिच्याकडे गठ्ठा मागितला. पूर्वीची ती असती तर गप्प बसली असती. ती म्हणाली, "माह्याजवळ नाही. थांब, आणून देतो." शेकड्यावाल्याकडून शंभराचा मोठा भारा मागून घेतला, सोडला, दहा गठ्ठे मांडीवर मोजून ठेवले. एक सुटेवाल्याला दिला. मग आपल्याकडचे पुन्हा मोजले आणि पाटीवाल्याला सांगितलं, "माह्या शून्यावर नऊ लिही." चिंचोका निघाला तोही तिच्याच क्रमांकाचा. २४५ तिने उभी राहून, काड्यांकडे न बघता फळ्यावर केलं. चौकट आखली नाही, वेळच मिळाला नाही.

---

मेळघाट डायरी
५ डिसेंबर, रात्री १०:४५

"माह्या शून्यावर नऊ लिही." हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलं, ताई.

---

पऱ्हाटी
६ डिसेंबर, सकाळी ७:००

मॅडम, ते उलटं उदाहरण काल रातच्याले पोराले देलं. कापसाच्या गंजीवर बसून निजेपर्यंत करत होता. मलेही दोन कराले लावले. त्याच्या मास्तरले हा धागा दाखवतो.

---

नवा गुरुजी
६ डिसेंबर, सकाळी ८:३०

सोमवारपासून आठवड्यात एक दिवस सुरू करतो, दुसरी-तिसरीला. तुराटीच्या काड्या कापून झाल्या. एक विचारायचं होतं, शंभराचा भारा कशाने बांधता? साधे रबर तुटतात.

---

काळी माती
६ डिसेंबर, सकाळी ८:५०

सायकलची जुनी ट्यूब घ्या, पंक्चरच्या दुकानात फुकट मिळते. कात्रीने आडव्या चकत्या कापा, दीड बोट रुंद. वर्षभर टिकतात.